अ‍ॅम्बॅसेडर १४८९ सीसी पेट्रोल: इंजिनच्या समोरून ऑइल गळती, सील बदलूनही थांबत नाही

दर्यापूरकर

मंडळी नमस्कार. गाडी मार्क ३, पेट्रोल, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीजचं १४८९ सीसी इंजिन. लक्षणं अशी: क्रँक पुलीच्या मागून ऑइल येतं, चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) समोरचा भाग आणि क्रॉसमेंबर ओला होतो, पंख्याच्या वाऱ्याने बॅटरीच्या बाजूपर्यंत शिंतोडे उडतात. टायमिंग कव्हरचं ऑइल सील नवीन टाकलं आहे, तरी तेच. उभ्या गाडीखाली फार पडत नाही, रस्त्यावर चालल्यावरच जास्त. मिस्त्री म्हणतात इंजिन उतरवावं लागेल. खरंच लागतं का? आणि नवीन सील इतक्या लवकर कसं गेलं?

रिंगपाना

इंजिन उतरवावं लागत नाही. रेडिएटर काढला की समोर पुरेशी जागा मिळते.

पण आधी कव्हरला हात लावू नका. पंख्यामागे कुठूनही निघालेलं ऑइल वारा मागे आणि खाली नेतो, त्यामुळे ओलं दिसतं ती जागा आणि गळते ती जागा एकच असेल असं नाही. इंजिनचा समोरचा भाग डिझेल आणि ब्रशने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, आणि पूर्ण कोरडा करा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ ऑइलमध्ये बसून जो थर होतो तो खरवडल्याशिवाय काहीच कळत नाही. कोरड्या जागेवर टाल्कम पावडर मारा. फॅन बेल्ट काढून इंजिन तीन-चार मिनिटं स्लोवर चालवा. बेल्ट नाही म्हणजे पंखा नाही, ऑइल उडत नाही, पावडरीवर काळी रेघ जिथून सुरू होते तीच खरी जागा. बेल्ट नसताना वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, फिरत नाही, म्हणून यापेक्षा जास्त वेळ चालवू नका.

रेघ कुठे सुरू होते त्यावरून काम ठरतं. वरून, टॅपेट कव्हरच्या समोरच्या कोपऱ्यातून येत असेल तर कॉर्कचं पॅकिंग बदला, तासाभरात काम संपलं. टायमिंग कव्हरच्या कडेने येत असेल तर कागदी पॅकिंग किंवा कव्हरची वाकलेली कड. पुलीच्या बॉसभोवती, म्हणजे सीलमध्ये फिरणाऱ्या भागाभोवती, गोल फिरून येत असेल तर सील. पुलीच्या अगदी मध्यातून, पुली धरणाऱ्या हँडल नटाखालून येत असेल तर चाबीच्या (पुली क्रँकवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) खाचेतून. कव्हर कोरडं आणि त्यामागची जाड प्लेट जिथे ब्लॉकला लागते तिथे ओलं असेल तर प्लेटमागचं पॅकिंग. आणि सगळं कोरडं असून फक्त चेंबरची पुढची कमान ओली असेल तर समोरच्या मेन बेअरिंग कॅपवरची कॉर्कची पट्टी.

तुम्ही म्हणता उभ्या गाडीखाली पडत नाही. ते महत्त्वाचं आहे. क्रँकचं सील चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर असतं, उभ्या गाडीत तिथपर्यंत ऑइल पोचत नाही. रात्रभर टपटप पडत असेल तर संशय चेंबरच्या पॅकिंगवर. चालू इंजिनातच येत असेल तर सील किंवा इंजिनच्या पोटातला दाब.

कपाशीरोड

भाऊ, दाब पयले पाहा. सील कितीही चांगलं टाका, पोटात हवा कोंडली तर ते वाट काढतेच. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, ऑइल टाकाचं झाकण काढा अन् तोंडावर पॉलिथिनची पिशवी धरा. पिशवी फुगून फडफडाले लागली, झाकणातून भकाभका धूर येऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगा घासल्या हायेत नाहीतर ब्रीदर, म्हंजे पोटातली हवा बाहेर सोडाची वाट, बुजला हाये.

ब्रीदर दोन जागी हाये. एक टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरले जाते तो रबरी पाइप, दुसरा इंजिनच्या बाजूच्या साइड कव्हरवरून खाली उतरते ती नळी. खालच्या नळीत धूळ अन् ऑइलचा गोळा बसते, कुंभारमाशी घर करते तेही पाहिलं हाये लोकाईनं. तार घालून मोकळी करा, पेट्रोलनं धुवा. ऑइलच्या झाकणात जाळी असन तर तेही धुवा. जिनिंगच्या दिवसात रस्त्यावर कापसाचे तंतू उडतात, ते एअर क्लीनरमधून मागं ओढले जातात अन् रबरी पाइपाचं तोंड बुजते. हे काम फुकटाचं हाये, पयले हेच करा.

रिंगपाना

कपाशीरोड यांचं बरोबर. रिंगांची खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडर पाच-सहा झटके. जो कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. रिंगा गेल्या असतील तर समोरचं सील बदलण्याचे पैसे पाण्यात जातील, हे आधीच समजलेलं बरं.

दर्यापूरकर

ब्रीदरची खालची नळी खरंच बुजलेली निघाली, साफ केली. पिशवी आता फुगत नाही. गळती कमी झाली पण थांबली नाही. पावडरवर रेघ पुलीच्या बॉसभोवती आहे. म्हणजे सीलच. आता कव्हर काढायचंच आहे तर सगळं एकदाच नीट करायचं आहे. पद्धत सांगा.

रिंगपाना

सविस्तर लिहितो.

बॅटरीची तार काढा. रेडिएटरचं पाणी आणि ब्लॉकच्या तोटीचं पाणी स्वच्छ बादलीत काढा. दोन्ही होज, रेडिएटरचे बोल्ट काढून रेडिएटर वर उचला. बेल्ट सैल करून काढा, पंख्याची पाती काढा.

आता हँडल नट, म्हणजे हँडल मारायचे दात असलेला मोठा नट. त्याखाली लॉक वॉशर असतो, त्याची दुमडलेली कड छन्नीने आधी सरळ करा. गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एक माणूस ब्रेकवर. जाड रिंग पाना बसवून त्याच्या दांड्यावर हातोडीचा नेमका एक जोरदार झटका. हळूहळू जोर लावून हा नट सुटत नाही, झटक्याने सुटतो. आटे नेहमीचेच आहेत, समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने उघडतो.

पुली दोन टॉमी (लोखंडी कांबी) घालून मागून उचकटायची सवय सगळीकडे आहे. ती सोडा. पुलीची कड वाकते किंवा तुटते, आणि टॉमीचा टेका पत्र्याच्या टायमिंग कव्हरवर आला की कव्हर आत दबतं. पुलर लावा. पुली निघताना अर्धचंद्राची चाबी क्रँकवर राहिली की नाही ते बघा. सैल असेल तर लगेच काढून डबीत ठेवा.

कव्हरला दोन मापांचे बोल्ट आहेत: पाव इंची आणि ५/१६ इंची, यूएनएफ आटे. डोकी अनुक्रमे ७/१६ आणि अर्धा इंच, म्हणजे साडेतीन सूत आणि चार सूत. ११ नंबरचा पाना पहिल्यावर चढत नाही, १३ नंबरचा दुसऱ्यावर सैल बसून डोकं गोल करतो. इंची पाने वापरा.

कव्हर निघालं की क्रँकवर सगळ्यात पुढे एक पातळ बशीसारखी चकती दिसेल, ऑइल थ्रोअर. ती कुठल्या बाजूने बसली आहे त्याचा फोटो काढा. सील लवकर जाण्याचं किंवा गळण्याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. चेनवरून उडणारं ऑइल सीलपासून दूर फेकायचं हे तिचं काम. ती उलटी बसली किंवा कोणी तरी "जास्तीची वॉशर" समजून काढून टाकली तर सीलवर ऑइलचा सतत मारा होतो. जुन्या, नमद्याच्या सीलच्या इंजिनात तिची खोलगट बाजू समोर, कव्हरकडे असते. नंतरच्या रबरी सीलच्या चकतीवर इंग्रजी एफ अक्षर असतं, ते समोर ठेवायचं. कव्हर आणि चकती ही जोडी आहे. जुन्या चकतीवर नवीन कव्हर किंवा उलटं, असं करू नका. दोन भंगार इंजिनांतून एक बनवलेल्या गाड्यांत ही सरमिसळ हमखास असते.

लेथ_आर्वी

इथे मी भर घालतो, कारण नवीन सील का गेलं याचं उत्तर बहुतेक पुलीत आहे.

पुलीचा बॉस, म्हणजे जो भाग सीलमध्ये फिरतो, तो रॉकेलने पुसा आणि त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं की तिथे खाच आहे. रबराने लोखंड कसं झिजतं असं वाटेल, पण रबर झिजवत नाही, रबराच्या ओठाशी चिकटलेली धूळ झिजवते. कच्च्या रस्त्याच्या गाडीत ती अखंड मिळते. खाच पडल्यावर नवीन सीलचा ओठ त्या खाचेत पूर्ण दाबून बसत नाही आणि पहिल्या दिवसापासून पाझरतो.

इलाज तीन. खाच अगदी बारीक असेल तर पॉलिश पेपर, ४०० आणि मग ६०० नंबर, ऑइल लावून. पेपर बॉसभोवती गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. लांबीच्या रेघा म्हणजे ऑइलला बाहेर यायच्या नाल्या.

खाच नखाला स्पष्ट लागत असेल तर सील कव्हरमध्ये दीड-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवता येतं का पाहा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. मात्र आत सरकवताना सील थ्रोअरला घासणार नाही याची खात्री हवी. सीलची पाठ आणि चकती यांत फट मोजा.

खाच खोल असेल तर स्लीव्ह. तयार पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, भिंत पाव मिलिमीटरच्या जरा वर, त्यामुळे त्याच मापाचं सील चालतं. तुमच्या व्यासाची मिळाली नाही तर लेथवर बॉस उतरवून त्यावर माइल्ड स्टीलची रिंग गरम करून बसवतात. ४० मिमी व्यासाला ०.०५ मिमी घट्ट, रिंग साधारण २०० अंश तापवून. बसली की मूळ व्यासावर आणायची. लेथवाल्याला एक गोष्ट ठासून सांगा: शेवटचा हात टूलने फीड देऊन मारायचा नाही. फीडने आट्यासारखी बारीक रेघ पडते आणि ती फिरताना ऑइल बाहेर ओढते. शेवटी पेपर एका जागी धरून फिनिश करायचं.

दर्यापूरकर

नख अडकतं. आणि जुनं सील काढल्यावर त्याचा ओठ एकाच बाजूने घासलेला दिसतो, दुसरी बाजू जवळपास कोरी. हे काय?

रिंगपाना

हे म्हणजे कव्हर मध्यावर नव्हतं. तुमच्या गळतीचं मुख्य कारण तेच.

बी-सिरीजचं कव्हर पत्र्याचं आहे. त्याला जागेवर धरायला कुठलीही पिन नाही, आणि बोल्टांची भोकं बोल्टांपेक्षा मोठी आहेत. कव्हर आधी लावून बोल्ट आवळले आणि मग पुली ठोकली, की सील क्रँकच्या मध्याला कधीच येत नाही. एका बाजूला ओठ दबतो, दुसऱ्या बाजूला फट. बहुतेक लोक हाच क्रम करतात.

योग्य क्रम असा. नवीन सील कव्हरमध्ये बसवताना कव्हरखाली मागून लाकडी ठोकळा द्या, नाहीतर पत्रा वाकतो. सीलच्या बाहेरच्या व्यासाचा पाइपाचा तुकडा किंवा मोठी गोटी (सॉकेट पाना) घेऊन सरळ दाबा. स्प्रिंग असलेला ओठ आत, इंजिनकडे. ओठांमधल्या खाचेत ग्रीस भरा. पुलीच्या बॉसला ऑइल लावून पुली हातानेच कव्हरमधल्या सीलमध्ये फिरवत सरकवा. आता कव्हर आणि पुली एकत्र उचलून क्रँकवर न्या, खाच चाबीशी जुळवा, आत सरकवा आणि कव्हर थोडं फिरवून बोल्टांची भोकं जुळवा. सगळे बोल्ट बोटांनी लावा. पुली पूर्ण आत गेल्यावर, ती सीलला मध्यावर धरून असताना, बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळा.

आवळण्याची मापं बी-सिरीजच्या मॅन्युअलप्रमाणे: पाव इंची बोल्ट ०.८ किलोग्रॅम-मीटर, ५/१६ इंची १.९, हँडल नट ९.७. पहिला आकडा फार छोटा आहे, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा जोर, बस्स.

कपाशीरोड

खेड्यात टॉर्क पाना कोनाजवळ राहते? हँडल नटासाठी सोपं हाये. पान्याले पाइप चढवून नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर खूण करा. तिथं कापूस तोलाचा स्प्रिंगचा काटा अडकवा अन् पाइपाले काटकोनात ओढा. साडेएकोणीस किलो दाखवलं की झालं ९.७. मंग लॉक वॉशरची कड नटाच्या सपाट बाजूवर दुमडा. वॉशर जुना मोडका असन तर नवा टाका.

लेथ_आर्वी

सील घ्यायला जाताना फक्त "अ‍ॅम्बॅसेडरचं सील द्या" म्हणू नका. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुनं सील सोबत न्या, कव्हरचं घर आणि पुलीचा बॉस दोन्ही व्हर्नियरने मोजून न्या. मूळ मापं इंची आहेत. "जवळचं" मिलिमीटरचं सील घरात सैल बसलं की बाहेरच्या कडेनेच ऑइल येतं आणि माणूस ओठाला दोष देतो. काळं नायट्राइल रबर इथे पुरतं. तपकिरी व्हायटॉन मिळालं तर उष्णतेला जास्त टिकतं, पण त्यासाठी नागपूरची खास चक्कर मारायची गरज नाही.

उमरेड_गॅरेज

पॅकिंगबद्दल माझं मत: दोन्ही बाजूंना आरटीव्हीचा (सिलिकॉन सीलंटचा) जाड थर लावू नका. आवळल्यावर तो आत फुगून निघतो, तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी शेलॅकचा पातळ हात पुरे.

त्याआधी कव्हरची कड सपाट करा. जुन्या मिस्त्र्यांनी बोल्ट करकचून आवळल्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा आत खोल गेलेला असतो. मग बोल्टापाशी पॅकिंग दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये मोकळं राहतं. कड काचेवर ठेवून उजेड दिसतो का बघा. लोखंडी ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीने भोकांभोवती हलकं ठोकून सरळ करा. परत लावताना पसरट वॉशर टाका.

रिंगपाना

उमरेड यांच्याशी सहमत, एक अपवाद सोडून: चाबीची खाच. पुली बसवायच्या आधी खाचेत आणि हँडल नटाच्या वॉशरखाली सीलंटचा बारीक ठिपका जरूर लावा. ऑइल चाबीशेजारच्या फटीतून पुलीच्या आतून समोर येतं आणि पंख्याने उडून सील गळतंय असं भासवतं. पुष्कळ "सील बदलूनही गळते" त्यातलीच निघतात.

पुसदची_अ‍ॅम्बी

माझ्या गाडीत कव्हर कोरडं, मागच्या प्लेटच्या वरच्या कडेला ओलं. तेही याच कामात होईल का?

रिंगपाना

होईल, पण काम दुप्पट. प्लेट काढायला चेन आणि कॅमशाफ्टची चक्री आधी काढावी लागते. त्यातच इंजिनचं समोरचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो आधार, प्लेटवर आहे, म्हणून चेंबरखाली लाकडी फळी देऊन जॅकने इंजिन उचलून धरा. फळी नसेल तर चेंबरचा पत्रा दबतो. चक्र्या काढण्याआधी क्रँक फिरवून दोन्ही चक्र्यांवरचे ठिपके समोरासमोर आणा, परत लावताना तेच जुळले पाहिजेत. चेन आणि दोन्ही चक्र्या एकत्रच सरकवायच्या. टेन्शनर असेल तर त्याचा रबरी पाय स्प्रिंगने बाहेर उडतो, आधीच हाताने दाबून धरा. प्लेट निघाली की ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग बोथट पात्याने खरवडा आणि चेंबरच्या तोंडात कापड कोंबून ठेवा, कपचे खाली पडू देऊ नका. चेन इतकी उघडी पडली आहे तर ती ढिली झाली का हेही बघा.

फक्त पाझर असेल, थेंब पडत नसेल, तर माझा सल्ला: आता राहू द्या. इंजिनचं मोठं काम निघेल तेव्हा करा.

दर्यापूरकर

बॉस लेथवर दिला, रिंग बसवून आली. सांगितलेल्या क्रमाने कव्हर पुलीवर मध्यावर धरून आवळलं. इंजिन गरम करून रस्त्यावर फिरवलं, पावडर कोरडी आहे. दोन शंका: ऑइल कोणतं, आणि रेडिएटरमध्ये आमचं बोअरचं पाणी चालेल का?

कपाशीरोड

बोअरचं पाणी बिलकुल नको. तुमचा दर्यापूर भाग खारपाण पट्ट्यातला, त्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्या क्षारानं भरतात अन् गाडी तापते. काढलेलं कूलंट गाळून परत टाका, कमी पडलं तर डिस्टिल्ड वॉटर नाहीतर पावसाचं धरलेलं पाणी.

ऑइल २०डब्ल्यू५०. उन्हाळ्यात आपल्याइकडे ४५ अंशाच्या वर पारा जाते, त्यात पातळ ऑइल टाकलं तर प्रेशर पडते. गळती थांबवाले गिअरचं ९० नंबर ऑइल मिसळतात काही लोक, ते इंजिनची वाट लावते. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइल क्रँक घुसळते अन् तेही बाहेरच येते.

उमरेड_गॅरेज

एक राहिलं. बी-सिरीजमध्ये इग्निशन टायमिंगचे काटे टायमिंग कव्हरवरच आहेत आणि खाच पुलीवर. कव्हर सरळ करताना ते काटे वाकले असतील तर टायमिंग चुकीचं वाचलं जाईल. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून पिस्टन वर आणून टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) तपासा, लांब काटा पुलीच्या खाचेसमोर येतो का पाहा, मगच डिस्ट्रिब्युटरला हात लावा.